पन्नास इंची आरसा

"हे कपाट आहे की टीव्ही?" मनोरमाकाकूंनी हातातली काठी त्या अवाढव्य वस्तूच्या पोटावर टकटक वाजवली. "यात माझ्या सगळ्या साड्या मावतील, रे."

"काठी नको काकू, काठी नको!" मगदूमशेठ काउंटरमागून धावतच आले. दुकान त्यांचंच होतं. "प्रोजेक्शन टीव्ही हाय हो तो. मागनं पडद्यावर उजेड पडतोय."

"मागून उजेड पडतो. आणि पुढून?"

"पुढनं तुम्ही बघायचं की."

"तेवढंच तर जमत नाही मला," काकू म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसल्या.

मनोरमाकाकू म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. लग्न पंधरवड्यावर आलं होतं, घरी मांडवापासून मेंदीपर्यंत सगळी धांदल होती, आणि आम्ही तिघं, त्या, त्यांचा मुलगा अवधूत आणि मी, भर दुपारी सांगलीत टीव्ही बघत फिरत होतो. तेव्हा चपटे टीव्ही नुकते आले होते. ज्याच्या घरी भिंतीला टीव्ही टांगलेला असे त्याच्याकडे लोक काहीतरी निमित्त काढून जात. आता प्लाझ्मा टीव्ही म्हटलं तर आमच्या मुलीला ते रक्ताशी संबंधित काहीतरी वाटतं.

काकूंना टीव्हीची हौस नव्हती. त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध झिजला होता. कडेचं सगळं दिसायचं, नेमकं समोरचं तेवढं नाही. ताटाची कड दिसे, ताटातली भाजी नाही. दार दिसे, दारात उभा असलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागे. पोटच्या पोराचा चेहराही त्यांनी गेली दोन वर्षं नीट पाहिला नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गेलेलं परत येणार नाही. पण मोठ्या पडद्याचा टीव्ही घ्या, जवळ बसा, मान थोडी वाकडी करून बघा. बरंच दिसेल." काकूंनी ते मनावर घेतलं आणि घरी जाहीर केलं की टीव्ही लग्नाआधीच यायला हवा, आणि उज्ज्वला बरोबर येणार असेल तरच मी दुकानाची पायरी चढेन.

उज्ज्वला म्हणजे मी. आईवडिलांनी नाव ठेवलं तेव्हा त्यात काही विनोद नव्हता. शाळेत असताना माझ्या डाव्या डोळ्याखाली एक पांढरा ठिपका उठला. तो पसरत पसरत गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरला आणि तिथे थांबला. त्याला कोड म्हणतात. आमच्या घरात मात्र हा शब्द कोणी उच्चारत नसे. आम्ही 'ते' म्हणायचो. 'ते वाढलं नाही ना?' 'त्या साडीवर ते उठून दिसतं, दुसरी नेस.' मी मिरजेत एका औषधाच्या दुकानात नोकरी करत होते. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघे आणि मग झटकन माझ्यामागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आमच्या त्या कॅलेंडरकडे जितकी माणसं बघत, तितकी पंचांगाकडेही बघत नसतील.

अवधूत म्हणजे कॅलेंडरकडे न बघणारं पहिलं गिऱ्हाईक. तो आईसाठी डोळ्यांचे थेंब घ्यायला यायचा आणि थेंब संपायच्या आधीच पुन्हा यायचा. पुढचं सांगत बसत नाही.

पण काकूंनी मला बघायला बोलावलं तेव्हा त्या सबंध वेळ माझ्या खांद्याकडे बघून बोलत होत्या. मला वाटलं, झालं, ह्यांचंही कॅलेंडर सुरू झालं. बाहेर आल्यावर अवधूतने सांगितलं की समोरचं दिसावं म्हणून ती बाजूला बघते. तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "तू त्यांना सांगितलंयस ना? याबद्दल?"

"सांगितलंय की."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरं."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं."

माझा काही त्या 'बरं'वर विश्वास बसला नाही. साखरपुड्यात माझी मावशी पुढ्यात बसलेल्या बाईच्या कानात म्हणाली होती, "सासूला दिसत नाही, हे पोरीचं नशीबच म्हणायचं." मला ते ऐकू आलं, आणि वाईट याचं वाटलं की माझ्याही मनात तेच होतं. सांगितलेलं वेगळं आणि डोळ्यांनी दिसणं वेगळं. आता टीव्ही येणार होता, टीव्हीत लग्नाची व्हिडिओ कॅसेट लागणार होती, आणि काकूंना मी दिसणार होते. त्यांचं ते 'बरं' त्यानंतर टिकेल की नाही, याची मला भीती होती. लग्न मोडेल याची तितकी नाही, जन्मभर समोर बसून जेवताना त्यांचा चेहरा उतरलेला बघावा लागेल याची.

"प्रोजेक्शन नको," अवधूत म्हणाला. "बाजूने बघितलं की काळं पडतंय चित्र. आईला तर बाजूनेच बघायचंय."

"मग एलसीडी बघा की!" मगदूमशेठ आम्हांला समोरच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथे ओळीने टीव्ही लावले होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता, केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा. "कलर बघा नुसता. लाइट बिल कमी. वजनाला हलका. बेस्ट."

"मासे काय दाखवताय मला?" काकू म्हणाल्या. "आम्ही खात नाही आणि बघतही नाही. माणूस दाखवा."

"माणूस?"

"माणसाचा चेहरा. मोठा करून. लग्नाचं शूटिंग करतात तो कॅमेरा लावता येतो ना टीव्हीला?"

मगदूमशेठनी कपाटातून हॅन्डीकॅम काढला, वायर जोडली आणि अवधूतच्या हातात दिला. "कोणाचा घ्यायचा चेहरा?"

"हिचा," काकू म्हणाल्या आणि काठी बरोबर माझ्याकडे केली.

मी म्हणाले, "काकू, अवधूतचा घेऊ या. तो तुमचा ओळखीचा चेहरा."

"त्याला तीस वर्षं बघितलंय मी. तू उभी राहा."

मगदूमशेठनी मला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्यांची नजर झटकन वर गेली. तिथे त्यांच्याच दुकानाचं कॅलेंडर होतं. पण माणूस मनाचा चांगला. ते रिमोट घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, काळजी करू नका. सेटिंग हाय. लग्नाचं शूटिंगवाले पण करतात तसंच. नवरी एकदम साफ."

त्यांनी बटणं दाबली. मासा गेला आणि भिंतीवर मी आले.

मी स्वतःकडे बघत राहिले. उजेड इतका वाढवला होता की गव्हाळ कातडीही पांढरी होत होत त्या डागाच्या रंगाला जाऊन मिळाली होती. कपाळ, गाल, हनुवटी, सगळा चेहरा एका रंगाचा. डोळ्याखाली काही नाही. ओठाच्या कोपऱ्यात काही नाही. शाळेत असतानाची मी मोठी झाले असते तर कशी दिसले असते, ती बाई त्या टीव्हीत उभी होती आणि मी हसले की हसत होती. मी मान वळवली. तिनेही वळवली. मला रडू फुटेल असं वाटलं. अवधूतला कॅमेरा बाजूला घेऊ नकोस म्हणून सांगावंसं वाटलं. इतकी देखणी मी होते, आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"सरका," काकू म्हणाल्या. त्या अगदी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, मान तिरकी केली, नजर पडद्याच्या कडेला लावली. मग त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"अगं बाई! नाक दिसलं! सरळ आहे गं नाक. ही टिकली. कानात मोती आहेत ना? अवधूत, मला मोती दिसले रे!"

काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. काकू लहान मुलीसारख्या एकेक वस्तू मोजत होत्या. भुवया. हनुवटीवरची खळी. पापणी हलली तर टाळी वाजवली. दोन वर्षांनी माणसाचा चेहरा बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझी भीती विसरून मीही त्यांच्याकडेच बघत राहिले.

मग त्या एकाएकी थांबल्या. "हा डावा गाल ना तिचा?"

"हो," अवधूत मागून म्हणाला.

काकू आणखी पुढे झाल्या. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. चष्मा पुसून पुन्हा लावला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"ते दिसत नाही," त्या पुटपुटल्या.

"काय दिसत नाही, आई?"

"सगळं दिसतंय. ते दिसत नाही."

ते. मला तो शब्द कळायला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नव्हती. पण लगेच वाटलं, वेडी आहेस. जगातल्या प्रत्येक 'ते'चा तुझ्याशीच संबंध असतो की काय! मोत्यातलं सोन्याचं फूल असेल, डोळ्यातलं काजळ असेल.

मगदूमशेठनी घाईघाईने उजेड आणखी वाढवला. आता माझा चेहरा ट्यूबलाइटचा झाला. काकूंनी हताश होऊन मान हलवली आणि मागे येऊन स्टुलावर बसल्या.

"चला घरी. डॉक्टर आपले धीर द्यायला म्हणतात झालं. मोठं मोठं कळतं मला. बारीक काही दिसायचं नाही आता. नको टीव्ही."

"अगं, पापणीसुद्धा दिसली म्हणालीस ना आत्ता?"

"हलली म्हणून कळली रे." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मला वाटलं होतं, दिसेल."

सकाळपासून हसत असलेली ती बाई काठीवर दोन्ही हात टेकून बसून राहिली. अवधूत कॅमेरा खाली करून नुसताच उभा. तेवढ्यात माझी नजर दुकानाच्या आतल्या दाराकडे गेली. आत एक अंधारी खोली होती आणि दारावर पाटी होती, प्लाझ्मा.

"तो टीव्ही आत का ठेवलाय?" मी मगदूमशेठना विचारलं.

"काच असते ताई त्याला. बाहेर ठिवला तर आपलंच तोंड दिसतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही त्याच्या नादाला लागू नका. लई खरं दाखवतोय तो. तिथं सेटिंगचा जास्त उपेग नाही."

लई खरं. मी भिंतीवरच्या त्या देखण्या बाईकडे एकदा बघितलं. कॅमेरा खाली गेल्यामुळे तिच्या जागी आता दुकानाची फरशी दिसत होती. गप्प राहिले असते तर काकू घरी गेल्या असत्या. टीव्ही आला नसता, मी कधीच दिसले नसते, आणि मावशी म्हणाली तसं माझं नशीब फळफळलं असतं. पण समोर बसलेल्या बाईला वाटत होतं की आपले डोळे संपले. दोष डोळ्यांचा नव्हता, वाढवलेल्या उजेडाचा होता, आणि ते त्या दुकानात फक्त मला आणि मगदूमशेठना माहीत होतं. मला ते सहन होईना.

"काकू," मी त्यांचा हात धरला, "आत एक टीव्ही आहे. तेवढा बघून मग जाऊ."

आत काळोख होता. भिंतीवर पन्नास इंची काळीभोर काच, आणि तिच्यात दारातून येणाऱ्या उजेडात आमच्या दोघींच्या आकृत्या. मगदूमशेठनी वायर जोडली. अवधूतने कॅमेरा उचलला. काच उजळली.

मगदूमशेठचा अंगठा सवयीने रिमोटवर गेला.

"राहू द्या," मी म्हणाले. "आहे तसं राहू द्या."

मी ते इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी ते नीट पाहिलंच नव्हतं. आरशापुढे उभी राहिले की माझा उजवा गाल आपोआप पुढे यायचा. आता तो डाग परातीएवढा होऊन समोर उभा होता. त्याला कडा होत्या. डोळ्याखाली तो रुंद होता, मग बारीक होत गालावरून वळत खाली उतरत होता, मध्ये माझ्या मूळ रंगाची तीन-चार बेटं ठेवून. मला वाटायचं तो घाण आहे. घाण काही दिसली नाही. नदीच्या पात्रासारखं काहीतरी दिसलं, आणि मी माझ्याच गालाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले.

काकू पुढे झाल्या. मान तिरकी केली. पडद्यावरच्या माझ्या खांद्याकडे नजर लावली आणि तशाच राहिल्या. दारात दुकानातली माणसं जमली होती. मला वाटलं, संपलं सगळं.

"दिसलं!" काकू ओरडल्या. "अवधूत, दिसलं रे! हे बघ, हे! हे इथून सुरू होतं. डोळ्याखालून. मग असं वळतं. असं खाली येतं. अरे, आणि हे इथे मध्ये मध्ये सुटलंय! पीठ लागल्यासारखं! अगदी तू म्हणाला होतास तसं!"

'काचेला हात लावू नये' अशी पाटी बरोबर टीव्हीच्या वर होती. काकूंनी आपलं बोट सरळ काचेवर टेकवलं आणि माझ्या डोळ्याखालून ओठापर्यंत ओढत नेलं. त्या हसत होत्या आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं. संकष्टीला ढगातून चंद्र सापडावा तशा त्या सगळ्यांना दाखवत होत्या, हे बघा, हे बघा. आमच्या घरात इतकी वर्षं जे 'ते' होतं त्याला त्या 'हे' म्हणत होत्या.

"पीठ?" एवढंच मी म्हणाले.

"हा म्हणाला होता मला. मी विचारलं, कसं दिसतं रे? तर म्हणाला, आई, कणीक मळताना कोणी हाक मारावी आणि तशाच हाताने आपण गाल पुसावा, तसं दिसतं." काकूंनी पदराने डोळे टिपले. "तेव्हाच ठरवलं, टीव्ही घ्यायचा तर ते पीठ दिसेल असा. बाकी नाकडोळे सगळ्यांनाच असतात. मगाशी ते दिसेना तेव्हा माझे हातपायच गळाले गं. म्हटलं, बारीकसारीक सगळं गेलं आपलं."

मी अवधूतकडे बघितलं. तो कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभा होता, पण पडद्यावरचं चित्र हलत होतं. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मला फक्त 'बरं' सांगितलं होतं.

"नीट धर कॅमेरा," काकू त्याच्यावर ओरडल्या. "आणि दोघी मावू असा धर. उज्ज्वला, ये, बस इथे."

मगदूमशेठनी दोन स्टुलं आणून ठेवली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. काचेत दोन चेहरे आले, एक सुरकुतलेला, एक पीठ लागलेला.

"लग्नात सूनमुख असतं," काकू म्हणाल्या. "सासूने सुनेला मांडीशी घ्यायचं आणि आरशात तिचं तोंड बघायचं. गुरुजी धरतील तो आरसा असतो तळहाताएवढा. त्यात मला काय दिसणार, कपाळ? मी आपली मान हलवणार, पाहिलं हो पाहिलं म्हणणार. देवाब्राह्मणांसमोर खोटं. ते मला नको होतं. म्हणून तुला इथे आणली."

मी कॅमेऱ्याकडे बघत होते. त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या. माझ्याकडून नजर वळवणारी माणसं मी आयुष्यभर बघितली होती, मी दिसू नये म्हणून वळवणारी. मी दिसावं म्हणून नजर वळवणारी ही एकच. त्या बघत राहिल्या, सावकाश, पोटभर. दारातली माणसंही बघत होती. त्या खोलीत कॅलेंडर नव्हतं, आणि असतं तरी तिकडे कोणी बघितलं नसतं असं मला वाटतं.

काकूंनी पिशवीत हात घालून चाचपून एक पुडी काढली. खडीसाखर. घरून निघतानाच घेतली असणार. त्यातला एक खडा त्यांनी माझ्या तोंडाजवळ आणला. आधी तो हनुवटीला लागला, मग मी तोंड उघडलं.

"झालं सूनमुख," त्या म्हणाल्या. "आता मांडवातलं नुसतं फोटोपुरतं."

मगदूमशेठ खाकरले. पुसायचं पिवळं फडकं त्यांनी खिशातून काढलं होतं. काचेवर माझ्या गालावर काकूंच्या बोटाचा लांबच लांब ठसा होता. त्यांनी तो बघितला आणि फडकं परत खिशात ठेवलं.

"मग काकू, कुठला बांधून देऊ? बाहेरचा थोडा जास्त साफ दाखवतोय, तसं बघाय गेलं तर."

"बाहेर होती ती कोण होती कोण जाणे," काकू म्हणाल्या. "छान होती बिचारी. पण मला माझी सून दिसते तो द्या."

तोंडातली साखर विरघळून गेली होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. तोवर मी त्यांना काकूच म्हणत होते.

"आई," मी म्हणाले, "अजून एक खडा आहे का?"